लेकीला लक्सटर्ना देऊन दीड वर्ष झालं, आमचा अनुभव

लेकीच्या दोन्ही डोळ्यांत लक्सटर्ना हे जीन थेरपीचं औषध (बिघडलेल्या जीनची, म्हणजे जनुकाची, चांगली प्रत देणारं) देऊन दीड वर्ष होत आलं. आपल्या लोकांपैकी बरेच जण विचारतात खरंच फरक पडतो का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक तेव्हा ६ वर्षांची होती.

तान्ही असताना ती माणसांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, दिव्याकडे टक लावून बसायची. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी संध्याकाळी समई लावली की हिची मान तिकडेच, आणि त्याच पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, हिला आपण दिसतच नाही बहुतेक." डोळेही सारखे थरथरायचे. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं की यावर इलाज नाही, ब्रेल शिकवा, जेनेटिक टेस्टचं नावसुद्धा काढलं नाही, त्यात आमची दोन वर्षं वाया गेली आणि त्याचा राग मला अजून आहे. शेवटी टेस्ट झाली तेव्हा कळलं, लेबर कंजेनिटल अमोरोसिस, म्हणजे जन्मापासून नजर फार कमी असण्याचा आनुवंशिक आजार, आरपीई६५ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक माझ्याकडून आलेली, एक नवऱ्याकडून, आणि आम्हा दोघांना आयुष्यात डोळ्यांचा कसलाही त्रास नाही.

आपण बघतो तेव्हा डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक पदार्थ वापरतात, तो वापरला गेला की परत तयार करावा लागतो, आणि ते काम करणारं एन्झाइम याच आरपीई६५ जीनवरून बनतं. ते नसलं की पेशी असतात पण त्यांना उजेड पकडायला काही उरत नाही, आणि हळूहळू त्या मरतातही. लक्सटर्नात त्या जीनची चांगली प्रत एका निरुपद्रवी व्हायरसमध्ये घालून थेट पडद्याखाली सोडतात, एका डोळ्याला ०.३ मिली, म्हणजे चमचाभरही नाही. म्हणूनच हे फक्त आरपीई६५ वाल्यांना चालतं, आणि पेशी जिवंत असेपर्यंतच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. सर्जरीच्या आधी मला झोप लागायची नाही, रात्र रात्र वाचत बसायचे, आणि त्यात या औषधामागच्या शास्त्रज्ञ जीन बेनेट या बाईंबद्दल वाचत गेले. बर्कलेला पीएचडी, मग १९८६ मध्ये हार्वर्डमधून एमडी, तिथेच नवरा भेटला, अल्बर्ट मॅग्वायर, तो पुढे पडद्याचा सर्जन झाला. नवऱ्याने विद्यार्थी असतानाच विचारलं होतं की डोळ्यात जीन घालता येईल का, आणि या हो म्हणाल्या, तेव्हा हे आरपीई६५ अजून सापडलंही नव्हतं, ते मायकेल रेडमंड या शास्त्रज्ञांना १९९३ मध्ये सापडलं! १९९२ मध्ये त्या पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीत आल्या. १९९६ मध्ये डोळ्यात जीन घालणं उंदरांवर जमलं पण ते काही आठवड्यांपुरतंच. मग १९९९ मध्ये त्यांच्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या एका टीमच्या जीन थेरपी ट्रायलमध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला आणि सगळ्या क्षेत्रावरचाच लोकांचा विश्वास उडाला. असल्या वेळी माणूस दुसरा विषय धरतो. यांनी धरला नाही. ब्रियार्ड जातीच्या काही कुत्र्यांत हाच आजार जन्मतः असतो, २००० मध्ये त्यांना चांगल्या जीनचं इंजेक्शन दिलं, त्यातल्या लॅन्सलॉट नावाच्या कुत्र्याला दिसायला लागलं आणि २००१ मध्ये त्याला वॉशिंग्टनला खासदारांसमोरसुद्धा नेलं होतं. व्हीनस आणि मर्क्युरी ही दोन कुत्री तर नवरा-बायकोने घरीच आणून पाळली, हे वाचलं तेव्हा का कोण जाणे मला रडू आलं.

२००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या कॅथरीन हाय यांनी त्यांच्यापुढे माणसांवर ट्रायल करायचं मांडलं, २००७ मध्ये पहिला पेशंट, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी. म्हणजे त्या पहिल्या प्रश्नापासून तीस वर्षांच्या वर. आणि पेटंटमध्ये नाव असून बेनेटबाईंनी २००२ मध्येच त्याच्या पैशांवर पाणी सोडलं होतं. किंमत ऐकून लोक शास्त्रज्ञांना नावं ठेवतात तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

किंमत, हो. औषध बाजारात आलं तेव्हा एका डोळ्याला ४,२५,००० डॉलर, दोन्हीचे साडेआठ लाख. इन्शुरन्सशिवाय विचारही करू शकत नाही आपण. आमच्या इन्शुरन्स कंपनीने तेच कागद तीनदा मागवले, चार महिने घालवले, आणि इकडे रोज पेशी मरतायत हे डोक्यात, त्यामुळे माझ्याकडून या सगळ्या प्रोसेसला पाचपैकी एक.

सर्जरीचं म्हणाल तर आधी तीन दिवस स्टेरॉइड चालू, पूर्ण भूल, एक डोळा झाला की दुसऱ्याच्या मध्ये किमान ६ दिवस. डोळ्यात हवेचा बुडबुडा ठेवतात म्हणून चोवीस तास उताणं झोपवून ठेवायचं, सहा वर्षांच्या पोरीला! आम्ही आळीपाळीने गोष्टी सांगितल्या, आजी व्हिडिओ कॉलवर रामरक्षा म्हणत होती. बुडबुडा जाईपर्यंत विमान बंद, तेव्हा भारताचं तिकीट आधी काढून ठेवू नका. डोळे लाल झाले, थोडे दिवस दुखले, पुढे मोतीबिंदूची शक्यता असते म्हणून अजून चेकअप चालू आहेत.

मिळालं काय, तर चष्मा लावल्यासारखं सगळं लख्ख होत नाही, वाचायला तिला अजून मोठी अक्षरंच लागतात, ही अपेक्षा ठेवून जाल तर निराश व्हाल. फरक अंधारात पडतो. मोठ्या ट्रायलमध्ये अडथळ्यांच्या वाटेवरून चालवून बघितलं होतं, वर्षाने औषध दिलेल्या २० पैकी १३ जण १ लक्समध्ये, म्हणजे जवळजवळ काळोखात, ती वाट पार करू शकले, न दिलेल्यांपैकी एकही नाही. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पोहे केले होते, स्वयंपाकघरात एकच छोटा दिवा, आणि ही बोटांनी न चाचपता मिरचीचे तुकडे उचलून ताटाच्या कडेला ठेवत होती. "आई, इतक्या मिरच्या का घालतेस गं?" मी गॅस बंद करायचा विसरले.

औषधाला पाचपैकी पाच. पण आधी जेनेटिक टेस्ट, तिचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणाच्याही हो-नाहीवर विश्वास ठेवू नका.

पूर्वी रात्री पार्किंगमधून गाडीपर्यंत जायला तिच्या हातात टॉर्च लागायची, गाडीच्या दाराच्या कप्प्यात ती कायम असायची. परवा साफसफाईत सापडली, आतले सेल पाझरून सगळा गंज चढलेला होता.