‘१२० डेसिबल’चा हूटर आणि आमची फसवणूक

वर्कशॉपसाठी हूटर किंवा सायरन घ्यायचा असेल तर हे आधी वाचा. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या प्रेस शॉपला एका सप्लायरने ज्या पद्धतीने गंडवलं, तीच पद्धत तळवडे-चाकणकडेही चालते, हे ओळखीच्या मेंटेनन्सवाल्यांकडून नंतर कळलं. मीही मेंटेनन्सच बघतो.

आमच्याकडे ओळीने पॉवर प्रेस आहेत, आणि डोक्यावरून ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) प्रेसचे जड साचे म्हणजे डाय घेऊन फिरते. क्रेन निघाली की खालच्यांना कळावं, आग लागली तर सगळ्यांनी बाहेर पडावं, एवढ्यासाठी हूटर हवा होता. आलेला माणूस गोड बोलणारा. लाल डबा, त्यावर ‘१२० डीबी’चं स्टिकर, सोबत लॅबच्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स. डेमोसाठी त्याने गुरुवार मागून घेतला. ‘प्रॉडक्शनमध्ये कशाला अडथळा, साहेब!’ आता भोसरीत गुरुवारी सुट्टी. बंद शेडमध्ये तो डबा असा काही किंचाळला की मालकांनी कानांवर हात ठेवले आणि निम्मा अॅडव्हान्स तिथल्या तिथे मंजूर झाला.

माल लगेच आला. बसवणारा मात्र येईना. मुलगा गावी गेलाय, ब्रॅकेट पावडर कोटिंगला दिलंय, उद्या नक्की. या चालढकलीत काय डाव होता ते पुढे सांगतो.

शेवटी हूटर चढला, प्रेस चालू असताना बटण दाबलं. खाली उभा असलेला आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, मामा म्हणतात त्याला सगळे, काम करतच राहिला. मी जवळ जाऊन खुणेने विचारलं. त्याने इअरप्लग काढला आणि म्हणाला, ‘वाजला का? मला वाटलं कुणाच्या तरी कॉम्प्रेसरची हवा सुटतेय.’

मग साउंड लेव्हल मीटर भाड्याने आणला. मोबाईलच्या अॅपवर विसंबू नका, मोठ्या आवाजाला फोनचा माइक मान टाकतो. मामाच्या जागी प्रेसचा आवाज ९४ डीबीए (माणसाच्या कानाला जसा ऐकू येतो त्या हिशोबाने मोजलेले डेसिबल) भरला. धोक्याच्या ध्वनिसंकेतांसाठी आयएसओ ७७३१ हे मानक आहे. त्यानुसार इशारा आजूबाजूच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबलने वर हवा, म्हणजे आम्हाला मामाच्या कानाशी १०९ हवेत. प्रेस बंद करून हूटरपासून एक मीटरवर मोजलं तर जेमतेम १०१.

सप्लायरला फोन केला तर म्हणे, ‘एकशेवीसच आहे साहेब, तोंडाशी मोजायचं.’ तोंडाशी म्हणजे दहा सेंटिमीटरवर! अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा सेंटिमीटरवरचे १२० एक मीटरवर १०० होतात आणि आठ मीटरवर ८२. शेडमध्ये पत्र्यावरून आवाज परततो म्हणून उतार थोडा कमी पडतो, पण ९४ च्या गोंगाटात हे चाललं कुठे? एक मीटरवर खरोखर १२० देणारा भोंगासुद्धा आठ मीटरवर १०२ च्या आसपास येतो. त्यावर या गृहस्थाचा उपाय ऐका: ‘अजून एक घ्या, आवाज डबल होईल.’ तेवढ्याच ताकदीचा दुसरा हूटर शेजारी लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात.

दुसरी गोची सुराची. आतमध्ये स्वस्तातला पिझो, म्हणजे बझरमधली वाजणारी चकती होती, ३००० हर्ट्झच्या आसपास चिरकणारी (हर्ट्झ जितके जास्त तितका सूर उंच). इअरप्लग नेमके उंच सूर जास्त अडवतात. त्यात वर्षानुवर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाचा कान आधी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. कारखान्याला ५०० ते १५०० हर्ट्झमधला जाड, चढउतार होणारा आवाज लागतो. रिकाम्या शेडमध्ये चिरका आवाज जास्त बोचतो, म्हणूनच तो डेमोला शोभतो.

आता रिपोर्ट. झेरॉक्समध्ये अंतराचा रकाना पुसट होता. रिपोर्टचा नंबर घेऊन थेट लॅबला विचारलं, तर त्या नंबरवर दुसऱ्याच मॉडेलची नोंद निघाली. बिलावरही १२० चा उल्लेख नव्हता, नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक हूटर, १ नग’.

आणि तो डाव. सप्लायर एमएसएमई, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी असलेला. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, आणि पैसे थकवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आमचे १५ दिवस ब्रॅकेटच्या पावडर कोटिंगमध्ये गेले. पंधरवडा उलटल्यावर बसवणाराही उगवला आणि उरलेल्या रकमेची नोटीसही. ग्राहक आयोगाचं दारही बंद, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेला माल बसत नाही. लॅबचं लेखी उत्तर नोटिशीच्या उत्तराला जोडल्यावर त्याने बाकी मागायचं सोडलं. अॅडव्हान्स मात्र बुडाला तो बुडालाच.

त्यामुळे माल गेटवर उतरला की त्याच दिवशी ईमेल टाका: ‘चाचणीअंती स्वीकारू, तोवर हरकत कायम.’ आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये आता डीबीएचा आकडा एक मीटर अंतरासह असतो, हर्ट्झ असतात, आणि सगळे प्रेस चालू असताना ऑपरेटरच्या जागी मोजून पास झाल्यावरच पेमेंट. ही अट वाचून बऱ्याच जणांनी कोटेशनच दिलं नाही. एकाने फोन केला: ‘साहेब, तुमच्या शेडला एक मोठा भोंगा नको. शेडच्या प्रत्येक बेमध्ये (खांबांमधल्या कप्प्यात) जवळच, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर एकेक लावू, आणि सोबत फिरती लाल बत्ती. आधी एक चालू शिफ्टमध्ये लावून दाखवतो.’ ऑर्डर त्याला दिली.