‘आउटपुट नवीन टाकलेत’ असं सांगून विकलेला ॲम्प

आठ ओहमचे स्पीकर काढून चार ओहमचे टॉवर लावले (ओहम जितके कमी, तितका करंट जास्त) आणि ‘आउटपुट नवीन टाकलेत’ म्हणून घेतलेल्या सेकंड-हँड ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) एक चॅनल पंधरा दिवसांत गेला. वर नव्या वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, कॉइलही जळाली. दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं : "चार ओहमचा लोड लावलात, त्याला आम्ही काय करणार?" घेणारा स्वतःलाच दोष देत घरी येतो. पण ज्याच्या मागे ४ ते १६ ओहम छापलंय, तो ॲम्प एवढ्याने जायला नको. बऱ्याचदा खरं कारण आत असतं : डुप्लिकेट आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला करंट पुरवणारे भाग.

जुन्या जपानी ॲम्पमध्ये सँकेन कंपनीची सी-२९२२ आणि ए-१२१६ ही जोडी भरपूर वापरली गेली. तिचं उत्पादन थांबलंय, तरी ‘नवीन’ म्हणून ती हवी तेवढी मिळते. तोशिबाच्या सी-५२०० चीही सर्रास नक्कल होते. अस्सल सी-५२०० हा २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा. नकली मालाचं आवरण हुबेहूब तसंच, आतली सिलिकॉनची चकती मात्र कितीतरी लहान. दुकानात गाणं वाजतं एखाद्या वॅटवर, म्हणजे आठ ओहमला जेमतेम अर्धा अँपिअर. तेवढं तिला झेपतं. घरी ६० वॅटच्या ठोक्याला चार अँपिअर लागतात आणि त्याच व्हॉल्यूमला चार ओहमवर जवळपास आठ. तिथे ती चकती वितळून शॉर्ट होते.

शॉर्ट झाली की सप्लायचा अख्खा डीसी (एकाच दिशेचा) व्होल्टेज स्पीकरवर येतो. ४५ व्होल्टची रेल (सप्लायची लाइन) आणि वूफरची कॉइल ३.३ ओहम धरली, तर सहाशे वॅटची नुसती उष्णता. काही सेकंदांत कॉइल काळी पडते. हे टाळायलाच प्रोटेक्शन रिले असतो, म्हणजे बिघाड होताच स्पीकर तोडणारा स्विच. संताप येतो तो इथे. बिघाड तसाच ठेवून रिलेच्या दोन संपर्कांवर तारेचा तुकडा सोल्डर केलेला सापडतो! रिले असलेला ॲम्प चालू केल्यावर तीन-पाच सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो न येताच गाणं सुरू झालं, तर पैसे खिशातच ठेवा.

घेण्याआधी दुकानातच दोन चाचण्या करून मागा. पहिली सिरीज बल्बची. स्पीकर काढून ठेवायचे, फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब घ्यायचा (एलईडी चालत नाही) आणि ॲम्प चालू करायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे. दुसरी, बल्ब काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, दहा मिनिटांनी स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी मिलिव्होल्ट मोजायचे. ५० च्या आत चांगलं, १०० च्या वर असेल तर घेऊ नका. पण या चाचण्यांनी ट्रान्झिस्टर अस्सल ठरत नाही, ॲम्प आज धड आहे एवढंच कळतं.

म्हणून झाकण उघडायला लावा. प्लग काढलेला हवा आणि मोठे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केलेले हवेत. दोन्ही चॅनलच्या ट्रान्झिस्टरवरची अक्षरं शेजारी शेजारी ताडून बघा. ठसा वेगळा असेल किंवा ॲसिटोनच्या बोळ्याने अक्षरं पुसली जात असतील, तर संशय घ्या. शेजारचे ०.२२ ओहमचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आणि त्यांच्याखालचा बोर्डही बघा. बोर्ड तपकिरी झाला असेल तर तिथे पूर्वी जळालंय. आउटपुट उडतो तेव्हा बऱ्याचदा त्याला चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि हे रेझिस्टरही सोबत जातात. नुसता आउटपुट बदलून दिलेला ॲम्प म्हणूनच पुन्हा उडतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय, पुण्यात पासोड्या विठोबापाशी काय, प्रामाणिक कारागीर आहेत. ते बिलावर पार्ट नंबर लिहून देतात आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत देतात. हे दोन्ही मागाच. सँकेनच्या जागी ऑनसेमीचे एमजेएल-३२८१ए आणि एमजेएल-१३०२ए चालू शकतात. पण त्यांची बैठक वेगळी, त्यामुळे हीटसिंकला नवी भोकं पाडावी लागतात आणि बायसही (गाणं नसताना वाहणारा ठरावीक करंट) नव्याने लावावा लागतो. ते अधिकृत वितरकाकडूनच मागवा आणि त्याची पावती बिलाला जोडून घ्या. बिल असेल तर दुकानाविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.