पहिली होडी: फळ्यांची की प्लायवूडची?

सांगलीत कृष्णेवर मासेमारीसाठी घरीच दहा-बारा फुटी होडी बांधायची असेल, तर सागाच्या फळ्या जोडायच्या की प्लायवूड शिवायचं?

फळ्यांची होडी देखणी आणि दणकट असते, पण खरं कसब सांध्यांत आहे. प्रत्येक फळी वाकवून शेजारच्या फळीला घट्ट बसवायची, फटीत कापूस ठासायचा, वर राळ किंवा डांबर. अनुभवी सुतार सोबत नसेल तर नवख्याने या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय उन्हाळ्यात नदी आटली आणि होडी काठावर उन्हात राहिली, की लाकूड आकसतं, सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात फुगेपर्यंत ती गळणारच.

प्लायवूडच्या पद्धतीत कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचतात, मग सांध्यांवर इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) आणि फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, पट्टी बसवतात. १९६३ची ‘मिरर’ ही ब्रिटिश शिडाची होडी याच पद्धतीमुळे हौशी लोकांच्या घरोघरी तयार झाली. होडी हलकी होते, दोघंजण उचलून नेतात. मात्र प्लाय ‘आयएस ७१०’ (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्या. फर्निचरचा साधा प्लाय पाण्यात सुटतो. कापलेल्या कडा इपॉक्सीने नीट भरा, पाणी तिथूनच शिरतं. काम पावसाळ्यात नको, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो. हातमोजे हवेतच, घासताना मास्कही.

खर्चात इपॉक्सी महाग पडतं, तरी पहिल्या होडीसाठी मी प्लायवूडच सांगेन. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवा, म्हणजे पाणी भरलं तरी ती बुडत नाही.