दाब आणि घनतेचा प्रयोगसंच: काच उत्तम, माहितीपत्रक कच्चे

आमची सदनिका चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यामुळे शॉवरची धार बारीक येते आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तीच धार अंगाला टोचते. असे का, हे मी आठवीतल्या भाचीला विचारले, तेव्हा "खाली पाणी जास्त असतं ना, मावशी" असे उत्तर तिने बेधडक दिले. विज्ञानाच्या पुस्तकातला 'बल व दाब' हा धडा तिला तोंडपाठ होता, परंतु टाकीत पाणी किती आहे याचा धारेशी संबंध नसून पाण्याचा पृष्ठभाग नळाच्या किती वर आहे याच्याशी तो आहे, हे त्या पाठांतरात कुठेही उतरलेले नव्हते. म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या शालेय प्रयोगसाहित्याच्या एका जुन्या दुकानातून स्थिर द्रवांचा दाब आणि घनता यांच्यावरचा हा संच मी 1,850 रुपयांना आणला, आणि महिनाभर दर रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही दोघींनी तो वापरला.

खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून वस्तू आणून दुकानदार स्वतःच संच बांधतात, असे त्यांनीच सांगितले. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि ते गृहस्थ सज्जन आहेत. खोक्यात तीन छिद्रांचे 30 सेंटीमीटर उंचीचे पारदर्शक नळकांडे, तळाशी एकमेकींना जोडलेल्या चार निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या नळ्या, रबरी पडदा ताणून बसवलेले नरसाळे व त्याला जोडायची यू आकाराची नळी, द्रवात तरंगवून त्याची घनता मोजायचा एक साधा हायड्रोमीटर, दुधातली पाण्याची भेसळ ओळखायचा तसाच एक लॅक्टोमीटर, नळीने जोडलेल्या लहानमोठ्या दोन सिरिंजा, 250 मिलिलीटरचे मोजपात्र आणि आठ पानांचे माहितीपत्रक एवढे सामान निघाले.

सर्वांत सरस वस्तू म्हणजे नरसाळे आणि यू नळी. नळीत रंगीत पाणी भरून नरसाळे बादलीत बुडवले की पडद्यावरचा दाब नळीच्या दोन भुजांमधल्या पातळीच्या फरकाने दिसतो. पडदा 10 सेंटीमीटर खोल नेल्यावर फरकही 10 सेंटीमीटर यायला हवा, तो आम्हाला 9.4 आला. उरलेला दाब रबर ताणण्यात जातो, आणि ही तूट कुठून आली हे शोधण्यात एक रविवार चांगला गेला. त्याच खोलीवर पडद्याचे तोंड वर, खाली, आडवे असे कसेही फिरवले तरी नळीतली पातळी हलत नाही. दाब सर्व दिशांना सारखा असतो हे वाक्य मी आजवर अनेक मुलांना लिहून दिले आहे, परंतु ते डोळ्यांसमोर घडताना पाहिल्यावर भाचीच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते लिहून देताना कधी दिसले नव्हते. यानंतर 2 लीटर पाण्यात 600 ग्रॅम मीठ विरघळवून त्याच खोलीवर पुन्हा वाचन घेतले, तर ते 11 सेंटीमीटर निघाले. 11 भागिले 9.4 म्हणजे साध्या पाण्याच्या सुमारे 1.17 पट घनता, आणि संचातला हायड्रोमीटर त्या खाऱ्या पाण्यात सोडल्यावर त्याची दांडीही 1.17 वरच स्थिरावली. दोन अगदी वेगळ्या वस्तूंनी एकच घनता सांगावी, ही या संचाची सर्वांत मोठी कमाई आहे. माहितीपत्रकात मात्र या दोन प्रयोगांची सांगड घातलेलीच नाही. (मिठाचा पुडा संपल्याबद्दल बहिणीने जे ऐकवले, ते या परीक्षणात येण्याजोगे नाही.)

शॉवरचे कोडे भाचीने इथेच सोडवले. एक मीटर पाण्याच्या उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 0.1 किलोग्रॅम भाराएवढा दाब वाढतो. आमच्या शॉवरपासून टाकीतली पातळी सुमारे 2 मीटर वर आहे, तळमजल्याच्या शॉवरपासून 14 मीटर वर. नळ बंद असताना आमच्याकडे 0.2 आणि त्यांच्याकडे 1.4 हे तिने वहीत लिहिले आणि टाकी अर्धी रिकामी झाली तर काय होईल, हेही न विचारता मांडून दाखवले.

चार नळ्यांच्या वस्तूबद्दल माझे मत संमिश्र आहे. एक नळी रुंद, एक तिरकी, एक मध्ये फुगीर आणि एक अगदी बारीक. एकीत पाणी ओतले की चारहींत ते एकाच पातळीला येते, आणि भांड्याचा आकार किंवा त्यातल्या पाण्याचे वजन यांवर तळाचा दाब अवलंबून नसतो, असा त्याचा अर्थ. पुण्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. कात्रजच्या तलावातले पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात पेठांमधल्या हौदांपर्यंत आणले गेले ते पंपावाचून, केवळ पातळीतल्या फरकाच्या जोरावर, आणि त्या वाटेवर हवा बाहेर पडण्यासाठी बांधलेले काही उच्छ्वास अजूनही उभे आहेत. पण आमच्या संचात बारीक नळीतले पाणी इतर तिघींपेक्षा 7 मिलिमीटर वर चढून बसले. भाचीने लगेच विचारले, "मावशी, मग पुस्तक चूक का?" पुस्तक चूक नाही. त्या नळीचा आतला व्यास जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर असल्यामुळे केशाकर्षणाने, म्हणजे काचेला चिकटण्याच्या ओढीने, पाणी वर ओढले जाते, आणि एवढ्या बारीक स्वच्छ काचेत इतकी चढण व्हायलाच हवी. नळी 10 मिलिमीटर व्यासाची घेतली असती तर हा घोळ डोळ्यांना जाणवलाही नसता. बारीकच घ्यायची होती, तर माहितीपत्रकात त्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या. तिथे चारही नळ्यांवरून पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ छापलेली आहे.

आता तीन छिद्रांचे नळकांडे, ज्याच्यासाठी हे परीक्षण लिहायला मी मुख्यतः बसले. तळापासून 5, 15 आणि 25 सेंटीमीटर उंचीवर सारख्या मापाची छिद्रे आहेत. माहितीपत्रकातल्या चित्रात वरच्या छिद्राची धार जवळ, मधली थोडी लांब आणि खालची सर्वांत लांब पडताना दाखवली असून, 'यावरून खोलीनुसार दाब वाढतो हे सिद्ध होते' असे खाली छापले आहे. आम्ही नळकांडे मोठ्या परातीत ठेवले, भाची वरून तांब्याने पाणी ओतत पातळी काठोकाठ राखत होती, आणि मी पट्टी घेऊन बसले. मधली धार 28 सेंटीमीटरवर पडली. वरची आणि खालची, दोन्ही 21 वर, एकाच जागी. तीन वेळा करून पाहिले, आणि परातीबाहेर गेलेले पाणी पुसायला लागले ते वेगळेच.

चूक आमची नव्हती. खालच्या छिद्रावर दाब जास्त असतो आणि तिथून पाणी सेकंदाला सुमारे 2.2 मीटर वेगाने निघते, वरच्या छिद्रातून जेमतेम 1 मीटरने, इथवर माहितीपत्रक खरे आहे. परंतु खालच्या धारेला जमीन गाठायला एक दशांश सेकंद पुरतो, तर वरच्या धारेला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ हवेत मिळतो, त्यामुळे दोघींचे अंतर सारखेच भरते आणि जास्तीत जास्त लांब जाते ती बरोबर मध्यावरची धार. नळकांडे 30 सेंटीमीटर उंच स्टुलावर ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्या, तेव्हा अंतरे अनुक्रमे 31, 49 आणि 55 आली, म्हणजे चित्रातला क्रम जुळला. तेव्हा दोष नळकांड्याचा नाही. 'स्टुलावर ठेवा' हे दोन शब्द छापायचे राहिले आहेत, किंवा चित्र काढणाऱ्याने प्रयोग कधी करूनच पाहिलेला नाही. मला दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण हेच चित्र मी शाळेत असतानाच्या पुस्तकांतूनही पाहिलेले आठवते. आणि मुळात वाहते पाणी दाखवून स्थिर द्रवाचा नियम सिद्ध करण्याचा आग्रह तरी कशाला, जेव्हा त्याच खोक्यात नरसाळे आणि यू नळी आहेत?

लॅक्टोमीटरची कथा वेगळी. त्याच्यावर 27 अंश सेल्सिअस असे तापमान छापलेले असून दांडीवर 0 ते 40 खुणा आहेत. 0 म्हणजे पाणी, 30 म्हणजे सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.030. पहिल्याच दिवशी तो 27 अंशांच्या साध्या पाण्यात सोडला, तर वाचन 3 आले. बाहेर काढून दांडीवर बोटाने टिचकी मारली आणि पुन्हा सोडला, तर 1. खुणांचा कागद काचेच्या आत नीट चिकटलेलाच नव्हता आणि खोक्यात लॅक्टोमीटर उलटा बसवल्यामुळे तो दांडीच्या टोकाकडे सरकला होता. कागद वर सरकला की वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते, म्हणजे 27 वाचनाचे पाणीदार दूधही 30 वाचनाचे दिसते. चूक नेमकी दूधवाल्याच्या बाजूने पडावी, याचे मला हसू आले. मी तो दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी एक शब्दही न बोलता दुसरा काढून दिला आणि माझ्या आग्रहावरून स्टीलच्या पेल्यात पाणी आणून तो माझ्यासमोर तरंगवूनही दाखवला.

नवा लॅक्टोमीटर चोख आहे. पिशवीतल्या गायीच्या दुधात, ते फ्रिजमधून काढून 27 अंशांवर आल्यावर, 29 आले. त्या 200 मिलिलीटर दुधात 20 मिलिलीटर पाणी घातल्यावर साडेसव्वीसच्या आसपास आले, म्हणजे हिशेबाने यायला हवे तेवढेच. गार दुधात तो जास्त आकडा दाखवतो, हे माहितीपत्रकात लिहिलेले आहे, त्याबद्दल त्याला गुण द्यायला हवेत. लिहिलेले नाही ते असे की लॅक्टोमीटर फसवता येतो. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे साय काढलेल्या दुधाची घनता वाढते. आम्ही तसे दूध आणले, त्यात वाचन 35 आले, आणि 200 मिलिलीटरला 40 मिलिलीटर पाणी मिसळताच पुन्हा 29, जणू निर्भेळ गायीचे दूध. भाचीला हा प्रयोग इतका आवडला की संध्याकाळी आजीसमोर तिने तो पुन्हा करून दाखवला, आणि आजीने दूध मोजण्यापेक्षा बोटावर घेऊन पाहते असे सांगून तो निकालात काढला.

सिरिंजांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. लहान दट्ट्या दाबला की मोठा उचलला जातो, व्यास मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढता येते, पण रबराचे घर्षण एवढे आहे की पाच पट बलाऐवजी तीन पटही धड मिळत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेही नाही. मोजपात्र चांगले, खुणा ठळक.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'वातावरणाचा दाब 76 सेंटीमीटर पाऱ्याएवढा असतो' असे छापले आहे. समुद्रसपाटीला तो तेवढा असतो. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पारा साधारण 71 सेंटीमीटरवर थांबतो, आणि पाण्याचा स्तंभ घेतला तर 10.3 नव्हे, सुमारे 9.7 मीटर. 1643 साली इटलीतल्या टॉरिचेली या शास्त्रज्ञाने हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी उलटी धरली, त्यानंतर पाचच वर्षांनी, 19 सप्टेंबर 1648 रोजी, पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने तशी नळी फ्रान्समधल्या प्यूय द दोम या डोंगरावर नेऊन पारा आठ सेंटीमीटरांहून थोडा अधिक उतरल्याचे दाखवले, म्हणून तर उंची आणि हवेचा दाब यांचा संबंध पक्का झाला. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून 1,312 मीटर. तिथे पारा पुण्याच्या मानाने आणखी सहा सेंटीमीटर तरी खाली येईल. पुण्यात विकायच्या संचात पुण्याचा आकडा छापायला काय हरकत होती, असे मी दुकानदारांना विचारले. ते म्हणाले, "मॅडम, पत्रक छापून येतं, आम्ही फक्त घडी घालतो."

किंमत काचेच्या दर्जाला धरून वाजवी आहे आणि घरात विज्ञान शिकणारे मूल असेल तर संच जरूर घ्यावा. पैसे देण्याआधी दुकानातच पाणी मागून दोन्ही तरंगमापके सोडून पाहावीत आणि दांडीवर टिचकी मारावी. नरसाळ्याचा रबरी पडदा आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात सैल पडला. तो फुग्याचा तुकडा ताणून, दोऱ्याने आवळून पुन्हा बसवता येतो, आणि आम्ही लावलेला लाल फुगा मूळ पडद्यापेक्षा बरा निघाला: 10 सेंटीमीटर खोलीला आता 9.7 येतात.