पाच इंची सेंको: बास माशासाठी भरवशाचं आमिष

गॅरी यामामोटो कंपनीचा सेंको दिसायला नुसती मऊ प्लास्टिकची कांडी. ना शेपूट, ना पाय. सगळी करामत मिठात आहे. प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळल्यामुळे शिशाचं वजन न लावताही तो सावकाश बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा याच थरथरीला भुलतो.

तळ्यात लाकडी धक्क्याच्या सावलीत किंवा पाणगवताच्या कडेला वॅकी रिग, म्हणजे आमिष मधोमध अडकवायची जोडणी, लावावी: सेंकोच्या मधोमध रबरी रिंग, तिच्यात १/० मापाचा गळ, १० पौंड ताण सोसणारी फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी) दोरी. फेकल्यावर दोरी सैल सोडा. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोरी ताणलेली असली की आमिष सरळ खाली न जाता झोका घेत आपल्याकडे येतं आणि मासा असलेली जागा सुटते. चावा बहुधा बुडतानाच येतो. हाताला काही जाणवत नाही, दोरी नुसती बाजूला सरकते. म्हणून नजर दोरीवरच हवी. सरकली की ढील गुंडाळून काठी बाजूला ओढा. उशीर केला तर मासा गळ गिळतो.

दाट गवतात मात्र उघडा गळ अडकतो. तिथे ३/० मापाचा ऑफसेट (डोळ्याजवळ वाकवलेला) गळ घालून टोक प्लास्टिकमध्ये लपवावं. वारा जोराचा असेल तर दोरीला पोट येतं, चावा कळत नाही.

नितळ पाण्याला ग्रीन पम्पकिन (हिरवट-तपकिरी), गढूळ पाण्याला काळा-निळा रंग घ्या.

नरमपणामुळे सेंको लवकर फाटतो. रिंगमुळे थोडा जास्त टिकतो. फाटलेले तुकडे पाण्यात टाकू नका, प्लास्टिक माशाच्या पोटात अडकतं.