वॉटर फ्लॉसर : बोअरच्या पाण्यावर आठ महिने

वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याच्या बारीक धारेनं दातांच्या फटी धुणारं यंत्र. माझं हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं, ३०० मिलीच्या टाकीचं. किंमत दोन हजारांच्या आतबाहेर. पोळ्याच्या सुमारास सुरू झालेला वापर आता उन्हाळ्यात आलाय; रोज रात्री एकदा, खंड न पाडता. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात : एक छोटा पंप, एक नळी, वर फिरणारी तोटी आणि तीन-चार वेगांचं बटण.

निकाल आधीच सांगतो. यंत्र कामाचं आहे, पण ब्रशच्या जागी नाही. आणि मराठवाड्यात ते टिकवायचं तर दातांइतकीच यंत्राचीही निगा राखावी लागते.

हुरड्याच्या दिवसांत याची खरी किंमत कळते. कोवळ्या ज्वारीचं सालपट दाढांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेखाली असं बसतं की चूळ भरून हलत नाही. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवरचे तीळ, कारळाच्या चटणीचा चुरा, मटणाचा धागा, आंबाडीच्या भाजीची शिर, सगळ्यांची तीच तऱ्हा. एरवी अशा वेळी काडी, सेफ्टी पिन, नाहीतर आगकाडीचं टोक तोंडात जातं. दोन दातांमधली हिरडी त्रिकोणी असते. तिला रोज टोचलं की ती खाली सरकते, फट मोठी दिसायला लागते आणि मग त्यात आणखी अन्न अडकतं. पाण्याची धार हे टोचणं वाचवते. दाताला कॅप, ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) किंवा तारा बसवलेल्या असतील तर उपयोग आणखी जास्त, कारण ब्रिजच्या खाली ब्रश जातच नाही.

आता जे होत नाही ते. सकाळी दातावरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, त्याला प्लाक म्हणतात. तो जंतूंचा असतो आणि दाताला चिकटून असतो. तुपाचं भांडं नुसत्या धारेखाली धरलं तर जेवढं निघतं, तेवढाच हा थर फ्लॉसरनं निघतो. बाकीचा घासावाच लागतो. तो राहिला तर एक ते तीन दिवसांत त्यात चुना धरायला लागतो आणि त्याचं किटण होतं. एकदा किटण झालं की यंत्राचा जोर कितीही वाढवा, ते हलत नाही; दवाखान्यात स्केलिंग करूनच, म्हणजे अवजारानं खरवडूनच, काढावं लागतं.

इथं एक गैरसमज फार पक्का आहे : बोअरचं पाणी जड, म्हणून दातावर किटण. तसं नाही. किटणातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट आपल्याच लाळेतून येतं. म्हणूनच ते सगळ्यात जास्त दोन ठिकाणी सापडतं, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात. फिल्टरचं (आरओचं) पाणी पिणाऱ्याच्या तोंडातही किटण त्याच जागी असतं.

जड पाणी दाताला नाही, यंत्राला मारतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं आहे. आपल्याकडचे अनेक बोअर वरच्या हद्दीकडे झुकलेले, काही त्याच्याही पुढे. हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच फ्लॉसरच्या तोटीत बसतो, फक्त तोटीचं भोक सुईएवढं असतं. साधं बोअरचं पाणी वापरलं तेव्हा सहाव्या आठवड्यापासून धार फुटायला लागली : एक सरळ रेघ पडण्याऐवजी दोन फांद्या, आणि पंपाचा आवाज चढलेला. बॅटरी गेली असं वाटतं. बहुतेक वेळा दोष चुन्याचा असतो.

उपाय स्वस्त आहे. कोमट पाण्यानं टाकी भरून त्यात पांढऱ्या व्हिनेगरचा एक मोठा चमचा घालायचा. अर्धी टाकी बेसिनमध्ये चालवायची, यंत्र बंद करून वीस मिनिटं ठेवायचं, उरलेली अर्धी चालवायची, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या काढायच्या. तोटी वेगळी काढून व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवायची. व्हिनेगर नसेल तर त्याच टाकीत लिंबूसत अर्धा छोटा चमचा पूर्ण विरघळवून घाला. लिंबू पिळू नका, गर तोटीत अडकतो. बोअरच्या पाण्यावर हे महिन्यातून एकदा, फिल्टरच्या पाण्यावर तीन महिन्यांतून एकदा पुरतं. दुसऱ्या महिन्यानंतर फिल्टरचंच पाणी वापरलं, आणि तोटी पुन्हा तुंबली नाही. मिठाचं पाणी मात्र टाकीत घालायचं नाही. हिरड्यांना चांगलं म्हणून अनेकजण घालतात. मिठाच्या गुळण्या वेगळ्या करा, पंपाच्या धातूला मीठ खातं.

दुसरी कुरबुर म्हणजे टाकीतला काळपट चिकटा. वापरून झालं की उरलेलं पाणी ओतून द्या, दोन सेकंद कोरडा पंप चालवून नळीतलं पाणी काढा, टाकी उघडी ठेवून वाळू द्या. बाथरूममध्ये बंद करून ठेवलेल्या टाकीत आठवड्यात थर धरतो, आणि तीच घाण आपण हिरडीत मारतो. तिसरी, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण. पाचव्या महिन्यात ते सैल पडलं. ओल्या हातानं चार्जर लावला तर आत गंज चढणार हे ठरलेलं, म्हणून आधी कापडानं पुसणं आलंच. वीज गेल्याची काळजी मात्र नको. एका चार्जवर बारा-पंधरा दिवस सहज जातात.

वापरायची रीत बहुतेकजण पहिल्या दिवशी चुकतात आणि आरसा, शर्ट, भिंत सगळं भिजवतात. तोटी आधी तोंडात, मग बटण. बेसिनवर वाकायचं, ओठ सैल मिटायचे, पाणी आपोआप खाली पडू द्यायचं. मागच्या दाढेपासून सुरुवात, धार दाताशी काटकोनात आणि नेमकी हिरडीच्या कडेवर, प्रत्येक फटीत एक-दोन सेकंद थांबून पुढं. आधी बाहेरची बाजू, मग आतली. जिभेखाली आणि टाळूच्या मऊ भागावर धार मारू नका. पहिला आठवडा सगळ्यात हलका वेग ठेवा. पाणी कोमट असावं. दात शिवशिवत असतील तर गार पाण्यानं जीव जातो. दाढ काढल्यावर किंवा हिरडीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत बंद. हृदयाची झडप बदललेल्यांनी सुरू करण्याआधी विचारून घ्यावं.

सुरुवातीला थोडं रक्त येतं. सुजलेल्या हिरडीतून येतं ते, धारेनं जखम होऊन नाही, आणि दहा-बारा दिवसांत कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर आत बहुधा किटण आहे, दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर वाट पाहू नका. साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात.

उलटंही खरं आहे, आणि ते जास्त धोक्याचं. मिसरी लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या हिरड्यांतून अनेकदा रक्त येत नाही, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आत हाड झिजत असलं तरी वर रक्ताचा थेंब दिसेलच असं नाही. तंबाखू घातलेल्या मंजन-पेस्टवर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजून घरी केलेल्या मिसरीला कोण अडवणार? दात साफ करायला म्हणून सुरू झालेली ही सवय दिवसातून चार वेळांवर जाते ती दातांसाठी नसते. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते पाहावं. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय; फ्लॉसरचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करावी.

खरं काम करणारी वस्तू या सगळ्यात वेगळीच निघाली : फटीत घालायचा बारीक तारेचा ब्रश, इंटरडेंटल ब्रश. दुकानात मागितला तर बहुतेक ठिकाणी टूथपिक दाखवतात. ऑनलाइन मागवा किंवा दातांच्या डॉक्टरांकडे विचारा. मापं मिलिमीटरमध्ये असतात. पुढच्या दातांना साधारण ०.४ ते ०.५, दाढांना ०.६ ते ०.८ लागतं, आणि एका तोंडात दोन मापं लागणं नेहमीचं आहे. किंचित अडून आत जावा, तार दाताला घासू नये. रेटावा लागला तर माप मोठं आहे. पेस्ट न लावता, आत-बाहेर दोन-तीनदा. मागच्या दाढेसाठी ब्रशची मान हलकी वाकवा. काटकोनात मोडली तर तिथंच तुटतो. एक ब्रश आठवडा-दहा दिवस जातो. फटी अगदी घट्ट असतील, ब्रश जातच नसेल, तिथं दातांचा दोरा (डेंटल फ्लॉस).

रात्रीचा क्रम असा ठेवा : आधी फ्लॉसर, मग फटीचा ब्रश, शेवटी पेस्ट लावून मऊ ब्रश. ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा, जागच्या जागी हलवत, दोन मिनिटं. आडवा करवतीसारखा घासला की हिरडीजवळ दाताला खाच पडते. मग फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं. फ्लॉसर शेवटी वापरला तर तेच फ्लोराइड धुऊन जातं. मोसंबी खाल्ली किंवा तिचा रस घेतला असेल तर अर्धा तास ब्रश नको, आंबटानं दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो.

फ्लोराइडवरून आपल्याकडे वाद होतो, आणि त्याला कारण आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्यानं दातांवर तपकिरी डाग पडलेली माणसं दिसतात. मग बिनफ्लोराइडची पेस्ट घ्यावी, असं वाटणं साहजिक. पण ते डाग दात हाडात तयार होत असताना, म्हणजे लहानपणी, पाणी पोटात गेल्यानं पडतात. मोठ्या माणसाचे दात तयार झालेले असतात आणि पेस्ट थुंकायची असते. प्यायचं पाणी बदला, कारण जास्त फ्लोराइड मोठेपणी हाडांना त्रास देतं; पेस्ट मात्र फ्लोराइडचीच ठेवा. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची परवानगी आहे आणि तो आकडा ट्यूबवर छापावाच लागतो. वाचून घ्या. ते तपकिरी डाग ना फ्लॉसरनं जातात ना स्केलिंगनं.

स्केलिंग वर्षातून एकदा, हिरड्या कच्च्या असतील तर सहा महिन्यांनी. त्यानं दात हलतात ही भीती गावोगाव आहे. दात आधीच हललेले असतात, किटणानं ते जखडून धरलेले असतात. किटण निघालं की हलणं कळतं. दोन-चार दिवस शिवशिवणं सोडलं तर त्रास नाही. पैशांची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खासगीपेक्षा फार कमी खर्चात होतं. सकाळी लवकर जा, रांग असते.

पाण्याचं काय? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हा प्रश्न पडणारच. एका वेळेला एक टाकी, म्हणजे ३०० मिली. नळ सोडून दात घासणारा माणूस मिनिटाला कित्येक लिटर घालवतो. टँकरच्या दिवसांत मात्र साठवणीच्या टाकीतलं गढूळ पाणी यात भरू नका. पिता ते पाणी भरा, नाहीतर तेवढे दिवस नुसत्या फटीच्या ब्रशवर काढा.

पैसे मोजकेच असतील तर आधी स्केलिंग आणि फटीचे ब्रश, यंत्र नंतर. तारा किंवा ब्रिज असतील तर यंत्रही लगेच. घेताना तोट्या सुट्या मिळतात का ते आधी पाहा, कारण दर तीन ते सहा महिन्यांनी तोटी बदलावी लागते आणि एका कंपनीची दुसरीला बसेलच असं नाही. तोटीच्या बुडाशी एक बारीक रबरी रिंग असते. साफ करताना ती बेसिनच्या भोकात गेली की जोडातून पाणी गळायला लागतं. तोटी काढताना खाली वाटी धरा.