आशिकागा आणि तोकुगावा: दोन शोगुनशाह्यांचा शेवट

शोगुन म्हणजे जपानात सम्राटाच्या नावानं राज्य चालवणारा सेनापती. अशा दोन शोगुन घराण्यांपैकी शेवट कुणाचा बरा झाला? आशिकागांची शोगुनशाही शंभर वर्षं कुजत राहिली. तोकुगावांची, अमेरिकी नौसेनानी पेरीची जहाजं आल्यावर, पंधरा वर्षांत आटोपली.

१४६७ मध्ये आशिकागांच्या वारसाच्या भांडणावरून होसोकावा आणि यामाना ही सरदार घराणी भिडली. दहा वर्षांत राजधानी क्योतोची राखरांगोळी. दोघे म्होरके १४७३ मध्येच वारले, तरी लढाई चालूच! शोगुन योशिमासा पुढे डोंगराच्या पायथ्याशी ‘चांदीचा मंडप’ बांधत बसला. त्यावर चांदी कधी चढलीच नाही. गादी मात्र नावापुरती १५७३ पर्यंत रखडली. मग नोबुनागा या सरदारानं शेवटचा आशिकागा शोगुन योशिआकीला क्योतोतून हाकललं.

शेवटचा तोकुगावा शोगुन योशिनोबूनं १८६७ मध्ये सत्ता सम्राटाला परत केली. सात्सुमा-चोशू या विरोधी सरदारांच्या प्रांतांशी लढाया झाल्या, पण तोकुगावांची राजधानी एदो (आजचं टोकियो) जळण्यापासून वाचलं. म्हणून बऱ्या शेवटासाठी माझं मत योशिनोबूलाच. गडी पुढे फोटोग्राफीच्या नादात १९१३ पर्यंत जगला.